मॉरिशस: आधी वारा बघा, मग हॉटेल

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून मॉरिशसबद्दलची पत्रे बरीच साठली होती. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि काही पत्रे थोडी छाटली आहेत. नावे न छापण्याची अनेकांची विनंती असल्याने फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न: मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघे (मुले १० आणि १४ वर्षांची) सहा रात्रींसाठी जायचे म्हणतो. एक एजंट म्हणतो, तेव्हा तिकडे हिवाळा असतो, पोहता येणार नाही. दुसरा म्हणतो, हाच खरा सीझन. पूर्व किनाऱ्यावरचे हॉटेल स्वस्तात मिळते आहे, घ्यावे का? (कोरेगाव)

उत्तर: दोघेही अर्धे-अर्धे खरे बोलतात. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, दक्षिणेला साधारण २० अंशांवर आहे, म्हणून ऋतू उलटे. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा. पण हिवाळा म्हणजे किनाऱ्यावर दिवसा २४-२५ अंश आणि रात्री १७-१८. साताऱ्यात डिसेंबरात रात्री याहून जास्त गारठा असतो. मे महिन्यात चक्रीवादळांचे दिवस सरलेले असतात, पाऊस कमी झालेला असतो आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो. आपल्या शाळांच्या सुट्टीत बसणारा याहून चांगला महिना नाही. पाणी खऱ्या अर्थाने गार होते ते जुलै-ऑगस्टमध्ये, तेही २२-२३ अंश.

हॉटेलचा प्रश्न महिन्यापेक्षा महत्त्वाचा आहे. नकाशावर बेट टिकलीएवढे दिसते: उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे ४५. बाहेरची छोटी बेटे धरूनही क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. तरी एका बाजूला धुवांधार पाऊस आणि दुसरीकडे लख्ख ऊन, हे तिथे रोजचेच. महाबळेश्वरात छत्र्या मोडतात तेव्हा म्हसवडला टँकर फिरत असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मॉरिशसचे हवामान वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपला पावसाचा वारा नैऋत्येचा आणि चार महिन्यांचा. तिथला आग्नेयेचा आणि जवळजवळ बारमाही. तो पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतो, मधल्या पठारावर चढताना ढग करतो, साडेपाचशे मीटरांवरच्या क्युरपीप गावात पाऊस सांडतो आणि पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडा होतो.

म्हणून जून ते ऑगस्टमध्ये पूर्वेचे बेल मार किंवा त्रू द'ओ दूस घेऊ नये. किनारा देखणा आहे, पण वाळू उडून तोंडात जाते, पाणी खळबळते आणि मुले तासाभरात खोलीत परततात. हॉटेल त्या काळात स्वस्त मिळते ते याच कारणाने. त्या महिन्यांत पश्चिमेचे फ्लिक-आँ-फ्लाक, तामारँ किंवा वायव्येचे त्रू-ओ-बीश घ्या. नोव्हेंबर ते मार्च उकाड्याच्या दिवसांत हिशोब उलटा: तेव्हा पूर्वेचा वारा हवाहवासा वाटतो. तुमचा मे महिना मधला आहे. मुले लहान असल्याने आम्ही पश्चिमच सुचवू. सहा रात्रींसाठी दोन हॉटेले बदलत बसू नका, बेटाच्या कोणत्याही टोकाला दीड तासात पोचता येते.

एक खर्च एजंट सांगायला विसरतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून १२ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक परदेशी पर्यटकाला दर रात्री ३ युरो शुल्क आहे. तुमच्या घरचे तिघे, सहा रात्री: ५४ युरो. पॅकेजमध्ये ते धरले आहे का, हे लेखी विचारा.

प्रश्न: व्हिसा, पैसे, सिमकार्ड याबद्दल थोडक्यात सांगा. (विटा)

उत्तर: भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मिळतो. परतीचे तिकीट, राहण्याचे बुकिंग आणि खर्चाइतके पैसे असल्याचा पुरावा हाताशी ठेवा, तिन्ही छापील. मोबाइलची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते. निघण्यापूर्वी सरकारचा ऑनलाइन प्रवास फॉर्म भरून त्याचा क्यूआर कोड घ्यायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

चलन मॉरिशस रुपया. त्याची किंमत आपल्या दोन रुपयांच्या जवळपास असते, आणि इथेच लोक फसतात: पाटीवर ‘रु. ८००’ वाचले की मन त्याला आपले आठशे समजते. प्रत्येक किंमत दुप्पट करून वाचायची सवय विमानातच लावून घ्या. नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरीतही किंमत छापलेली असते. भारतीय नोटा तिथे चालत नाहीत. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथे यूपीआय सुरू झाले, पण सगळ्या दुकानांत नाही, आणि आपल्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावा लागतो. तो इथूनच सुरू करून जा. हातगाड्या, बस आणि टॅक्सीसाठी रोख लागतेच.

सिम विमानतळावरच पासपोर्ट दाखवून घ्या. प्लगची भोके इंग्लंडसारखी, चौकोनी तीन पिनांची. मोबाइलचा दोन गोल पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी चालून जातो, लॅपटॉपची तीन गोल पिनांची वायर बसत नाही. अ‍ॅडॅप्टर इथेच घ्या. घड्याळ दीड तास मागे.

प्रश्न: आई-बाबा सोबत येणार आहेत. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या आणि रात्री झोपेची गोळी असते, आईला गुडघ्यासाठी जोराची वेदनाशामक. काही अडचण? (मिरज)

उत्तर: रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांची अडचण नाही. झोपेच्या आणि जोराच्या वेदनाशामक गोळ्यांची मात्र आहे. अमली पदार्थांबाबत मॉरिशसचा कायदा फार कडक आहे, आणि ट्रामाडॉल, कोडीन, झोपेची व चिंतेवरची बरीच औषधे त्याच नजरेने बघितली जातात. अशा औषधांसाठी तिथल्या आरोग्य मंत्रालयाची आगाऊ परवानगी लागते. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा: आईंची गोळी बदलून साधी देता येईल का? बाबांना त्या आठवड्यापुरते वेगळे काही चालेल का? बदल शक्य नसेल तर औषधाचे मूळ नाव (कंपनीचे नव्हे), मात्रा आणि आजार लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी घेऊन परवानगीचा अर्ज आधीच करा.

आपल्याकडची एक सवय इथे नडते. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून सहा गोळ्या देतो आणि नाव, बॅच दुसऱ्या तुकड्यावर राहते. नाव नसलेली गोळी कस्टमच्या टेबलावर म्हणजे डोकेदुखीच. पूर्ण पट्ट्या, मूळ खोक्यात आणि प्रवासापुरत्याच न्या. खोकल्याचे औषध सवयीने बॅगेत टाकले जाते, त्यात कोडीन नाही ना तेही वाचा. ई-सिगारेटवर तिथे बंदी आहे. घरात कोणी तरुण मंडळी असतील तर त्यांच्या कानावर घाला.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडेही नाही. उपाशी तर राहणार नाही ना? (तासगाव)

उत्तर: उपाशी राहणार नाही, पण फसू शकता. तिथले जवळजवळ राष्ट्रीय खाणे म्हणजे ढोल पुरी, आपल्या ‘डाळपुरी’चाच अवतार. वाळवलेल्या पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून कोरडी वाटतात, हळद-जिरे घालतात आणि मैद्याच्या उंड्यात भरून पातळ लाटतात. डाळ शिजवलेले पाणी पीठ मळायला वापरले की पोळी मऊ राहते. पुरणपोळीतला गूळ काढून घेतला तर जे उरेल, ते हे. गाडीवर ती नेहमी जोडीने देतात, दोन एकावर एक: आत मोठ्या पांढऱ्या घेवड्याची आमटी, टोमॅटोची चटणी (तिला रुगाय म्हणतात), लोणचे आणि मिरची, आणि कागदात गुंडाळून हातात. ‘सां पिमां’ म्हटले की मिरची घालत नाहीत. अर्थात सांगलीकराला ते म्हणायची गरज पडू नये. चांगल्या गाड्यांवरचा माल दुपारपर्यंत संपतो, रात्रीच्या जेवणाचा भरवसा ढोल पुरीवर ठेवू नका.

‘गातो पिमां’ म्हणजे आपले डाळवडे, सकाळी पावात घालून खातात. ‘फराता’ म्हणजे पराठा. हे सगळे निर्धास्त खा.

आता फसवणारे पदार्थ. चायनीज वळणाच्या तळलेल्या नूडल्समध्ये भाज्याच दिसतात, पण सॉस माशाचा किंवा ऑयस्टरचा असतो. ‘बुलेत’ नावाच्या वाफवलेल्या गोळ्यांत एक प्रकार शूशूचा असतो. शूशू म्हणजे दुधीच्या जातीची एक हिरवी फळभाजी. तो भाजीचा म्हणून विकला जातो, पण त्यात बहुधा सुकी कोळंबी असते. हॉटेलात रुगायमध्ये खारवलेला मासा किंवा सॉसेज असू शकते. ‘व्हेजिटेरियन’ शब्दावर न थांबता ‘मांस नको, मासा नको, अंडे नको’ असे तिन्ही वेगळे सांगा. हिंदी बऱ्याच जणांना कळते.

आठवडाभर राहायचे असेल तर फ्लिक-आँ-फ्लाक किंवा ग्राँ बेला स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट घ्या. डाळ, तांदूळ, कणीक, कढीपत्ता सुपरमार्केटात मिळतो. कांदा-लसूण मसाला मिळणार नाही, तो घरून न्या. रविवारी दुकाने लवकर बंद होतात, शनिवारीच भाजी आणून ठेवा.

प्रश्न: पेढे, भडंग, ओली हळद असे काय काय नेता येईल? (सांगली)

उत्तर: भडंग, चिवडा, हळद पूड, मसाले: बंद पाकिटात, खुशाल न्या. ओली हळद, ताजी फळे, बी-बियाणे, रोपे परवानगीशिवाय नेऊ नका. उसाच्या कांडीला तर सक्त मनाई आहे. कंदी पेढे दुधाचे, म्हणून जाहीरनाम्यात लिहून टाका. लपवण्यापेक्षा लिहून गेलेले पेढे बरे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरही बंदी आहे, सामान कापडी पिशव्यांत बांधा.

प्रश्न: आम्ही ऊस उत्पादक. तिथे सगळीकडे ऊस असतो म्हणे. शेतकऱ्याने बघण्यासारखे काय? कारखाना बघता येतो का? (वाळवा तालुका)

उत्तर: विमान उतरताना खिडकीतून पहिल्यांदा दिसतो तो ऊसच, आणि उसाच्या फडात मध्येच काळ्या दगडांचे ढीग. काही ढीग पिरॅमिडसारखे रचलेले आणि दुमजली घराएवढे. जमीन ज्वालामुखीची आहे, जिथे खणाल तिथे धोंडा. मजुरांनी हातांनी धोंडे वेचून, मधोमध रचून, भोवतीची जमीन लागवडीला आणली. पुढे यंत्राने तोडणी सुरू झाली तेव्हा पुष्कळ ढीग हलवले, तरी बरेच शिल्लक आहेत.

आपल्या शेतकऱ्याला चक्रावणारी गोष्ट खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा घेतलेल्या पिकाची). आपण एक, फार तर दोन खोडवे ठेवून रान मोडतो. तिथे एका लागणीवर सहा-सात, कधी त्याहून जास्त खोडवे घेतात. कारण सरळ आहे: धोंड्यांच्या जमिनीत नवी लागण फार महाग पडते. तोडणी जून ते डिसेंबर. म्हणजे आपले कारखाने बंद असतात तेव्हा तिथले धुराडे पेटलेले. खोडवा साधारण बारा महिन्यांचा तुटतो. पैशाची पद्धतही वेगळी. आपल्या एफआरपीत (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरात) उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, धरतात, पण हिशोब शेवटी टनावर होतो. तिथे उत्पादकाच्या नावावर त्याच्या उसातून निघालेली साखर धरतात आणि १९१९ पासूनची शुगर सिंडिकेट ही संस्था सगळ्यांची साखर एकत्र विकते. एकेकाळी गावोगाव कारखाने होते, आता तीनच उरले आहेत.

चालू कारखान्यात पर्यटक म्हणून सहज प्रवेश मिळत नाही. पण उत्तरेला पाँप्लमूसजवळ बो प्लाँ इथे १९९९ मध्ये बंद पडलेल्या कारखान्यातच साखरेचे संग्रहालय केले आहे. गव्हाण, चरखा, कढया, बाष्पपात्रे जागच्या जागी. शेवटी काळपट मळीदार साखरेपासून सोनेरी खड्यांपर्यंत चवीला देतात. दोन-अडीच तास हाताशी ठेवा. शेजारीच पाँप्लमूसची जुनी वनस्पती बाग आहे, परातीएवढ्या पानांच्या कमळांसाठी प्रसिद्ध, तीही त्याच फेरीत होते. साखर विकत आणा, पण बेणे आणायचा मोह नको: परवानगीशिवाय ऊस भारतात आणणेही बेकायदा आहे, आणि रोग असाच येतो.

प्रश्न: शामारेलची सात रंगांची माती खरेच रंगीत आहे की फोटोची करामत? मुलांना काय सांगू? (सातारा, एक भूगोल शिक्षिका)

उत्तर: खरी आहे, पण लहान आहे, आणि ‘प्रचंड वाळवंट’ अशी अपेक्षा घेऊन गेलेले लोक पंधरा मिनिटांत गाडीत परततात. झाडीच्या मधोमध उघड्या मातीचे लाल, तपकिरी, जांभळट, पिवळट उंचवटे. भोवती कुंपण, आत पाऊल टाकायला मनाई. ढगाळ दिवशी सगळे एकरंगी दिसते. सकाळी ऊन तिरके असताना जा. त्याच तिकिटात शामारेल धबधबाही येतो, आणि पावसाळ्यानंतर तो मातीपेक्षा जास्त देखणा असतो.

मुलांना मात्र सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मूळ खडक आपल्यासारखाच काळा बसाल्ट. उष्ण, दमट हवेत तो कुजत गेला, त्यातले विरघळणारे घटक पाण्याबरोबर वाहून गेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. लोहामुळे लाल छटा, अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांमुळे निळसर-जांभळट. झाडाला लागणारे काही उरले नाही म्हणून गवत उगवत नाही. कासच्या पठारावरचा जांभा हा याच प्रक्रियेचा भाऊ.

नाते याहून जवळचे आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण स्थानातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला, तेच स्थान पुढे मालदीव, मग मॉरिशस आणि आता रेयुनियन बेटाखाली आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. भूपट्ट वर सरकत गेला, आच जागेवर राहिली. यवतेश्वरचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ एकाच चुलीवरचे, फक्त सहा कोटी वर्षांच्या अंतराने. शेजारच्या रेयुनियनवर ती चूल अजून पेटते.

प्रश्न: आम्ही सह्याद्रीत भटकणारे. ल मॉर्न चढायला कसा? (वाई)

उत्तर: नैऋत्य टोकाचा हा सुळकेवजा डोंगर ५५६ मीटर, पण सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून, म्हणून आकडा हलका घेऊ नका. जाऊन-येऊन साडेतीन-चार तास. पहिला अर्धा भाग रुंद कच्चा रस्ता. नंतर खडकांवर हात टेकत चढणे, काही ठिकाणी दोर. वर जो लोखंडी क्रॉस आहे, चाल तिथे संपते. खरा माथा त्याच्या पलीकडे आहे आणि तिकडे जाऊ नये. सकाळी सहा-सातला सुरू करा, दहानंतर कातळ तापतो आणि सावली मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी. रात्री पाऊस पडला असेल तर बेत रद्द करा: ओला बसाल्ट किती निसरडा असतो हे तुम्हाला सांगायला नको, आणि इथे घसरले तर खाली झुडूपही नाही.

मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगरावर आसरा घेत. २००८ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. आवाज बेताचा ठेवा.

प्रश्न: मुलांना समुद्रात कुठे सोडावे? (फलटण)

उत्तर: बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे राहते, म्हणून मॉरिशस लहान मुलांसाठी चांगले. पण भिंतीला मधेमधे खिंडारे आहेत आणि ओहोटीला आतले पाणी त्यातून जोराने बाहेर ओढले जाते. होड्या जिथून समुद्रात जातात ती खिंड समजा आणि तिथून लांब राहा. दक्षिणेला सुईयाकजवळ ग्री-ग्री इथे भिंतच नाही: लाटा बघायला जा, पाण्यात उतरू नका. किनारे सगळ्यांचे आहेत, भरतीच्या रेषेपर्यंत हॉटेलवाला अडवू शकत नाही.

रबरी तळव्याचे पाण्यातले बूट सगळ्यांना घ्या. काटेरी सी-अर्चिन तर असतातच, पण धोक्याचा म्हणजे स्टोनफिश. अगदी शेवाळलेल्या दगडासारखा दिसतो आणि पाठीचे काटे विषारी. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, उष्णतेने विषाचा जोर उतरतो. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याच्या हाताने तपासा, कारण दुखणाऱ्या पायाला ते कळत नाही. मग लगेच दवाखाना. रुग्णवाहिकेचा नंबर ११४. शिंपले, प्रवाळ उचलून आणणे बेकायदा आहे.

प्रश्न: गाडी भाड्याने घ्यावी की टॅक्सी? (कराड)

उत्तर: सराईत चालक असेल तर गाडी. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, टोल नाही. आपले लायसन्स चालते, तरी भाड्याच्या काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो कराडच्या आरटीओतून १,००० रुपयांत, वर्षभरासाठी निघतो. चौकाचौकांत गोल रिंगण असते आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. नाक घालून बघायची आपली सवय तिथे चालत नाही. मार्च ते जून ऊस डोक्याच्या वर असतो आणि फाट्यावर आडवी येणारी गाडी अजिबात दिसत नाही, तिथे थांबाच. जागोजागी वेग टिपणारे कॅमेरे आहेत.

टॅक्सीला मीटरने हिशोब होत नाही. दर ठरवताना चार गोष्टी ठरवा: मार्ग, एकूण तास, थांबण्याचे पैसे आणि शेवट कुठे. ‘वाटेत एक दुकान’ नको असेल तर तेही आधी सांगा. जहाजांच्या प्रतिकृती आणि हिऱ्यांच्या दुकानांत चालकाला कमिशन असते, आणि तुमचा तास जातो. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो आहे, स्वच्छ आणि स्वस्त. विमानतळाला मात्र जात नाही. खेड्यांकडे जाणाऱ्या बस संध्याकाळी लवकर संपतात. गंगा तलाव या पवित्र तळ्याला कधीही जा, फक्त अंगावर जाकीट ठेवा, कारण ते पठारावर आहे आणि धुके हमखास. महाशिवरात्रीच्या आठवड्यात मात्र पायी यात्रेकरूंनी सगळे रस्ते भरलेले असतात. यात्रा बघायची असेल तर तोच मुहूर्त, फिरायचे असेल तर तो आठवडा टाळा.

प्रश्न: नाताळच्या सुट्टीत तिकीट मिळाले आहे. वादळाची भीती वाटते. (सातारा)

उत्तर: वादळे मुख्यतः जानेवारी ते मार्च. डिसेंबरअखेर धोका कमी, पण शून्य नाही. त्या दिवसांत तिकडे गुलमोहर फुललेला असतो, लिची आणि आंबे बाजारात असतात, आणि दरही सर्वात चढे असतात.

इशाऱ्याची पद्धत समजून घ्या. वर्ग १ म्हणजे वादळ एक-दोन दिवसांच्या अंतरावर: फिरणे चालू, बातम्यांवर लक्ष. वर्ग २: लांबची सहल रद्द, पाणी, टॉर्च, सुका खाऊ जमवा. वर्ग ३: १२० किलोमीटर वेगाचे झोत काही तासांत अपेक्षित, बस, दुकाने, कचेऱ्या बंद, तुम्ही हॉटेलातच. वर्ग ४: झोत सुरू झाले, दाराबाहेर पाऊलही नाही. मधेच एकदम शांत झाले तर ते वादळाचा डोळा असू शकते, फसून बाहेर पडू नका. वादळ नसतानाही मुसळधार पावसात पोर्ट लुईत थांबू नका, शहर डोंगरांच्या पायथ्याशी आहे आणि पाणी मिनिटांत चढते. ३० मार्च २०१३ च्या पुरात तिथे ११ माणसे गेली. विमा घेताना विमान रद्द झाल्यास राहण्याचा वाढीव खर्च मिळतो का, हे कलम वाचून घ्या.

प्रश्न: आमच्या पणजोबांचे चुलते ‘मिरच देशा’ला मजुरीला गेले ते परतलेच नाहीत, असे घरात सांगतात. ते मॉरिशस असेल का? तपास लागेल? (पाटण)

उत्तर: असू शकेल, गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या मजुरांच्या) बोलीत मॉरिशसला ‘मारीच’ म्हणत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून पहिले करारबद्ध मजूर उतरले आणि पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय गेले. बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे, पण मुंबई बंदरातूनही पुष्कळ गेले. त्यांत कोकणातले जास्त, घाटावरचेही होते. ते जिथे उतरले तो आप्रवासी घाट पोर्ट लुईत बंदरालगत आहे, २००६ पासून जागतिक वारसा. दगडी पायऱ्या, स्वयंपाकघर, दवाखान्याच्या खोल्या बघता येतात, प्रवेश विनामूल्य. रविवार टाळा.

तपास मात्र तिथे नाही, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत. मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत: क्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, अंगावरची खूण. पुढच्या काळातल्या काहींचे फोटोही. आधी पत्र पाठवून वेळ ठरवा. सोबत न्यायची माहिती: पणजोबांच्या वडिलांच्या पिढीतल्या सगळ्या भावांची आणि त्यांच्या वडिलांची नावे, गावाचे जुने नाव, अंदाजे साल. गावाकडचे सातबारा आणि जुने फेरफार आधी बघा, परागंदा झालेल्या भावाचा उल्लेख कधी कधी तिथेच सापडतो.

अडचण स्पेलिंगची येते. कारकुनाने जे ऐकले ते इंग्रजीत लिहिले, एकाच गावाची चार रूपे होतात. आडनावावर भिस्त ठेवू नका. तिथे पुढच्या पिढ्यांनी पहिल्या माणसाचे नावच आडनाव म्हणून लावले, त्यामुळे तुमचे पाटणचे आडनाव नोंदीत दिसणारच नाही, रामजी किंवा बापू असे काही दिसेल. म्हणून मुलाचे नाव आणि बापाचे नाव ही जोडी धरूनच शोधा.

भेटलेच कोणी नात्यातले, तर मराठीत बोलतील असे धरून चालू नका. घरात बहुतेक जण क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, कोकणातल्या जाखडीचा नाच तिथे ‘झाकरी’ म्हणून टिकला आहे, आणि मोका इथे २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. ‘की मान्येर?’ म्हणजे ‘कसे आहात?’ हे विचारून सुरुवात करा. नोंदवहीतला क्रमांक मिळाला तर तो लिहून आणा, नावांपेक्षा तोच पुढच्या प्रत्येक कागदावर चालतो.